रक्तवाहिनीच्या आतलं हायल्युरोनन : कॅप्सूल खाऊन अस्तर परत येतं का?

तापीकाठ
राम राम मंडळी. वडिलांना मधुमेह जुना आहे. यावेळच्या तपासणीत लघवीतून अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) जास्त जातंय असं निघालं. डॉक्टर म्हणाले, किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर विरलंय, साखर आणि बीपी आवरा. हे ऐकून मेव्हण्याने व्हॉट्सअॅपवर एक जाहिरात पाठवली : हायल्युरोनिक अॅसिडच्या कॅप्सूल, "नसांचं अस्तर पुन्हा घडवणाऱ्या". किंमत वाचून माझंच बीपी वाढलं. बायको म्हणते, हे तर माझ्या चेहऱ्याच्या सीरममध्ये असतं, त्यातले दोन थेंब द्या.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे द्रव्य खरोखर रक्तवाहिन्यांत असतं का, आणि तिथे करतं काय? आणि तोंडाने घेतलेलं तिथवर पोचतं का? मी बी.कॉम. आहे, त्या बेताने सांगा.

भरीतप्रेमी
सीरम प्यायलेले सदस्य हात वर करा. मी शेव-मुरमुरे घेऊन बसलोय.

अमळनेरी_आप्पा
मला गुडघ्यात याचंच इंजेक्शन दिलं होतं. बरेच महिने जिना चढताना बरं वाटलं. आता गुडघ्याला चालतं तर नसांना का चालू नये? घेऊन बघा. जाहिरात खोटीच असेल असं नाही.

लॅबवाली
आप्पा, गुडघ्यात सुई थेट सांध्यात जाते, कॅप्सूल पोटात जाते. पण आधी तापीकाठ यांचा पहिला प्रश्न घेते. मी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते, तेव्हा लांबेल.

हायल्युरोनन (हायल्युरोनिक अॅसिडचंच दुसरं नाव) म्हणजे साखरेची लांब साखळी. ग्लुकुरोनिक अॅसिड आणि एन-अॅसिटाइल ग्लुकोसामाइन ही जोडी हजारो वेळा एकामागे एक. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ती गाईबैलांच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरातून वेगळी काढली. या जातीच्या बाकीच्या साखळ्या (हेपॅरन सल्फेट, कॉन्ड्रॉइटिन सल्फेट) पेशीच्या आत तयार होतात, प्रथिनाला चिकटून बाहेर येतात आणि त्यांच्यावर सल्फेट असतं. हायल्युरोननला सल्फेट नाही, प्रथिनाचा दांडा नाही. पेशीच्या पडद्यातच बसलेलं एक एन्झाइम ती विणतं आणि विणता विणता बाहेर सोडतं. या एन्झाइमचे तीन प्रकार आहेत, एचएएस-१, २ आणि ३. रक्तवाहिन्यांच्या बाबतीत दोन नंबरचं सगळ्यात महत्त्वाचं. उंदराच्या गर्भातून त्याचा जीन काढला तर हृदय आणि रक्तवाहिन्या नीट घडतच नाहीत, गर्भ अर्ध्यावरच मरतो.

रक्तवाहिनीला आतून एंडोथेलियम नावाच्या पेशींचा एकेरी थर असतो. या पेशींच्या रक्ताकडच्या बाजूला साखरेच्या साखळ्यांचा आणि प्रथिनांचा पातळ, ओलसर लेप असतो. त्याला ग्लायकोकॅलिक्स म्हणतात. केशवाहिन्यांत त्याची जाडी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास किंवा कमीच. नेहमीच्या पद्धतीने नमुना तयार करताना तो धुऊन जायचा, त्यामुळे कितीतरी वर्षं कोणाला दिसलाच नाही. १९६६ साली लुफ्ट यांनी रुथेनियम रेड नावाचा रंग वापरला तेव्हा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली उमटला.

या लेपात हायल्युरोनन पेशीवरच्या सीडी-४४ नावाच्या प्रथिनाला, आणि काही वेळा स्वतःला विणणाऱ्या एन्झाइमलाच, धरून असतं. पाणी भरपूर धरतं. कामं मुख्यतः तीन. रक्तातली मोठी प्रथिनं भिंतीबाहेर झिरपू न देणं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उगाच भिंतीला चिकटू न देणं, आणि तिसरं मला सगळ्यात आवडणारं : रक्ताच्या वाहण्याचा जोर पेशीला कळवणं. शेताच्या पाटात तळाला शेवाळ असतं, पाणी जोरात आलं की सगळं एका बाजूला झुकतं. तसा हा लेप रक्ताच्या ओढीने ताणला जातो, तो ताण पेशीला कळतो, पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडते, त्याने वाहिनीचा स्नायू सैल पडतो आणि वाट रुंद होते.

हे नुसतं कल्पनेने सांगत नाही. २००३ साली कुत्र्यांच्या मांडीतल्या धमन्यांना हायल्युरोनन तोडणारं एन्झाइम (हायल्युरोनिडेज) दिलं. मग रक्ताचा जोर वाढवला तरी नायट्रिक ऑक्साइड पूर्वीइतकं येईना. पण त्याच धमनीला अॅसिटिलकोलीन (पेशीला थेट नायट्रिक ऑक्साइड सोडायला लावणारं रसायन) दिलं तर यायचं. म्हणजे पेशी धडधाकट होती, तिला प्रवाहच कळत नव्हता.

पांझरा
ताई, शेवाळाचं पटलं. आमच्याकडे फडाच्या पाटाला ते फार झालं की काढावं लागतं, इथे उलट जपायचं म्हणता.

शिरपूरकर
वाचनखूण साठवली. बी.कॉम.च्या बेतात बसलं का हे तापीकाठनी सांगावं.

तापीकाठ
दोनदा वाचलं. बसलं. फक्त अल्ब्युमिन कुठे आलं यात?

डॉ_सातपुडा
ते मी सांगतो.

किडनीत रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या पेशींना मुळातच भोकं असतात, ६० ते ८० नॅनोमीटर रुंद. अल्ब्युमिनचा रेणू साधारण ७ नॅनोमीटरचा. नुसत्या भोकांवर भिस्त ठेवली असती तर अल्ब्युमिन सरसकट गेलं असतं. पुढे आणखी दोन थर आहेत आणि मोठं काम ते करतात हे खरं, पण भोकांच्या तोंडाशी हा ग्लायकोकॅलिक्स भरलेला असतो आणि अल्ब्युमिनला पहिली आडकाठी तोच करतो. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या गटाने उंदरांच्या फक्त एंडोथेलियम पेशींतून एचएएस-२ चा जीन बंद केला. बाकी शरीरात तो चालूच. तरी त्या उंदरांच्या लघवीत अल्ब्युमिन आलं आणि गाळणीतल्या केशवाहिन्याही कमी होत गेल्या. म्हणजे हायल्युरोनन नुसता लेप नाही, त्या वाहिन्या टिकायलाही ते लागतं.

मधुमेहात काय होतं? २००६ साली अॅम्स्टरडॅमच्या गटाने निरोगी स्वयंसेवकांची रक्तातली साखर सहा तास मुद्दाम १५ मिलिमोलवर, आपल्या भाषेत २७० वर, धरून ठेवली. अंगभरातल्या ग्लायकोकॅलिक्सचं आकारमान निम्म्याच्या आसपास आलं आणि रक्तात हायल्युरोनन वाढलं, कारण ते भिंतीवरून सुटून आलं होतं. त्याच वर्षी त्यांनीच टाइप १ मधुमेहाचे रुग्ण तपासले. लेप निरोगी माणसांपेक्षा कमी, आणि ज्यांच्या लघवीत अल्ब्युमिन जात होतं त्यांच्यात आणखी कमी.

तापीकाठ, तुमच्या डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं ते हे. बरोबर सांगितलंय.

खापरावरची_पोळी
माले ते इतलंच समजनं का गोड कमी खावानं. ☺

भरीतप्रेमी
आयडी बदला मग आधी. पुरणाची पोळी नाव घेऊन गोड कमी खायला सांगताय.

शंकासूर
डॉक्टरसाहेब, लॅबवाली ताई, दोघांचे प्रतिसाद चांगले, पण धागा फार लवकर एकमताकडे चाललाय म्हणून मीठ टाकतो.

एक : कुत्रा, उंदीर आणि पुढे बहुधा हॅम्स्टर येईल. माणूस कुठे आहे? दोन : माणूस आला तो २००६ च्या अभ्यासात. तिथे ग्लायकोकॅलिक्स मोजलं कसं? सरळ बघून नाही. डेक्स्ट्रान (साखरेचीच एक साखळी, मोजणीसाठी रक्तात सोडतात) किती जागेत पसरतं ते मोजायचं, लाल पेशी किती जागेत पसरतात ते मोजायचं, आणि वजाबाकी करून उरलेलं ग्लायकोकॅलिक्स म्हणायचं. त्या हिशेबाने निरोगी माणसात १.७ लिटर निघालं. अर्ध्या मायक्रॉनच्या लेपाचं १.७ लिटर! या मोजणीवर पुढे त्याच क्षेत्रातल्या लोकांनीही आक्षेप घेतलेत. तीन : जिभेखाली कॅमेरा धरून मोजायची जी नवी पद्धत आहे, तीही लाल पेशी भिंतीच्या किती जवळ जातात यावरून अंदाजच काढते.

आणि चार, जे कोणी बोलत नाहीये : सुलोडेक्साइड. याच कुळातल्या साखळ्यांचं औषध, तोंडाने घ्यायचं. मधुमेह्यांत लेप वाढल्याचं एका छोट्या अभ्यासात दिसलं, सगळे खूश. पण किडनी वाचते का म्हणून मोठी चाचणी घेतली होती, ती फायदा दिसेना म्हणून मध्येच थांबवावी लागली. तेव्हा "लेप गेला म्हणून किडनी गेली" ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण लेप सुधारला म्हणून किडनी सुधारली हे माणसात दाखवा.

डॉ_सातपुडा
शंकासूर, वजाबाकीच्या मोजणीबद्दल सहमत. लिटरचा आकडा मीही घेत नाही, म्हणूनच तो लिहिला नव्हता. पण त्याच प्रयोगात रक्तातलं हायल्युरोनन थेट मोजलं होतं आणि ते वाढलं होतं, त्यात वजाबाकी नाही. शिवाय साखर वाढवल्यावर धमनी रुंद होण्याची क्षमताही घटली होती, तीसुद्धा वेगळ्या पद्धतीने मोजलेली.

सुलोडेक्साइडचं मात्र तुम्ही आणलंत ते बरं केलंत. माझ्या मते त्यातून कळतं ते असं की ज्यांची किडनी बरीच पुढे गेली त्यांना लेपावरचं औषध उशिरा पडलं असेल. तुम्ही म्हणाल हा बचाव आहे.

शंकासूर
म्हणतोच. हा बचाव आहे.

लॅबवाली
हॅम्स्टर आलाच, शंकासूर :) १९९९ चा प्रयोग. हॅम्स्टरच्या केशवाहिन्यांत हायल्युरोनिडेज सोडलं तर एरवी भिंतीपासून लांब राहणारे ७० आणि १४५ किलोडाल्टनचे (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) डेक्स्ट्रान लेपात घुसायला लागले. पण गंमत पुढे आहे आणि ती तुमच्या बाजूचीही आहे, माझ्याही. मग त्यांनी बाहेरून हायल्युरोनन रक्तात सोडलं. लेप सुधारला नाही. कॉन्ड्रॉइटिन सल्फेट एकटं सोडलं. नाही. दोन्ही मिळून सोडलं तेव्हा लेप पुन्हा मोठ्या रेणूंना अडवायला लागला. म्हणजे एकच माल ओतून हे उभं राहत नाही, आणि तोही थेट रक्तात ओतला होता, तोंडाने नाही.

रावेरचा_केळीवाला
थोडं अवांतर. ताईंनी हायल्युरोनिडेज म्हटलं म्हणून विचारतो. आमच्या बागेत पाणी भरताना एका गड्याला घोणस चावली. पायाला चावली आणि बघता बघता मांडीपर्यंत सूज. तालुक्याच्या डॉक्टरांनी तेव्हा हाच शब्द वापरला होता असं आठवतं. तेच का हे?

लॅबवाली
तेच. बहुतेक सापांच्या विषात हायल्युरोनिडेज असतं. ते स्वतः मारत नाही, पण कातडीखालच्या आणि स्नायूंमधल्या हायल्युरोननचं जाळं तोडतं, मग बाकीचं विष भराभर पसरतं. जीवशास्त्रात याची ओळख झाली तीच मुळी 'पसरवणारा घटक' म्हणून, १९२८ साली, दुरान-रेनाल्स यांच्याकडून. तो नेमका काय आहे हे पुढे कळलं. घोणशीच्या विषात रक्तवाहिनीची भिंत आणि रक्ताची गोठण बिघडवणारी वेगळी द्रव्यंही असतात, मांडीपर्यंतच्या सुजेत त्यांचा वाटा मोठा.

डॉ_सातपुडा
अवांतर असलं तरी लिहितो कारण पाऊस सुरू आहे. पाय करकचून बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. पाय हलवू न देता सरळ सरकारी दवाखाना. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालते, साप मारून आणायची गरज नाही. गड्याचं काय झालं?

रावेरचा_केळीवाला
बरा झाला. आता गमबूट घातल्याशिवाय बागेत पाय ठेवत नाही. पाणी भरायचं मात्र रात्रीच, लाइट रात्रीची असते म्हणून. त्याला काही इलाज आहे का विचारू नका.

धुळेकरीण
सापावरून डेंग्यू आठवला. भाच्याला झाला होता. ताप उतरला, आम्ही देवाला नारळ फोडला, आणि दुसऱ्याच दिवशी पोटात दुखायला लागलं, हातपाय गार. डॉक्टर म्हणाले "रक्तातलं पाणी बाहेर झिरपतंय". आम्ही सगळे प्लेटलेट प्लेटलेट करत होतो आणि ते म्हणत होते, प्लेटलेटपेक्षा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींचं प्रमाण, बघू द्या. त्याचा या अस्तराशी काही संबंध आहे का?

डॉ_सातपुडा
ताई, अगदी थेट संबंध आहे. हे उदाहरण मी आधी द्यायला हवं होतं असं वाटावं इतका.

डेंग्यूचा विषाणू एनएस-१ नावाचं प्रथिन रक्तात सोडतो. रक्ततपासणीत "एनएस-१ पॉझिटिव्ह" लिहून येतं ते हेच. गेल्या दशकात प्रयोगशाळेत दाखवलं गेलं की हे प्रथिन एंडोथेलियमच्या पेशींना त्यांचा स्वतःचाच ग्लायकोकॅलिक्स तोडायला लावतं, पेशींमधलीच एन्झाइमं जागी करून. लेप गेला की प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) झिरपतो. डेंग्यूच्या रुग्णांच्या रक्तात हायल्युरोनन वाढलेलं असतं आणि धोक्याची लक्षणं असलेल्यांत आणखी जास्त, हे माणसांत मोजलेलं आहे (शंकासूर, नोंद घ्या). पाणी बाहेर गेलं की रक्त दाट होतं, म्हणून हिमॅटोक्रिट चढतं. आणि हे घडतं ते ताप उतरण्याच्या सुमारास, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात. घरचे सुटकेचा श्वास सोडतात तेव्हाच. पोटदुखी, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, गार हातपाय : यातलं काहीही दिसलं तर ताप नाही म्हणून घरी बसू नये.

तुमच्या भाच्याच्या डॉक्टरांनी बरोबर ते बघितलं.

शंकासूर
नोंद घेतली. डेंग्यूचं पुरावा म्हणून मधुमेहापेक्षा मजबूत वाटतं, कारण इथे तोडणारा कोण हे ठाऊक आहे.

नंदुरबारी
आमच्या अक्राणी, धडगावकडे सिकलसेल आहे, भिल्ल आणि पावरा समाजात बराच. त्यातही हे अस्तर जातं का? २०२३ पासून सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम आली, तपासण्या होताहेत, कार्डं मिळताहेत, पण "का दुखतं" याचं उत्तर गावात कोणी नीट देत नाही.

डॉ_सातपुडा
दुखतं कारण विळ्याच्या आकाराच्या ताठर लाल पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही. एंडोथेलियमचा हात त्यात मोठा आहे : लाल पेशी फुटून सुटलेलं हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतं, वाहिनी आवळते, भिंत चिकट होते, पांढऱ्या पेशी चिकटतात आणि अडथळा वाढतो. हायल्युरोननपुरतं इथे जास्त बोलत नाही. पाणी भरपूर पिणं, थंडीत अंग झाकणं, हायड्रॉक्सियुरिया दिली असेल तर न चुकता घेणं, हे आज कामाचं. वेगळा धागा काढा, मी येतो.

शिरपूरकर
माझा बाळबोध प्रश्न. लेपात हायल्युरोनन असणं चांगलं. पण डॉक्टर म्हणतात रक्तात ते वाढलं तर वाईट. मग चांगलं का वाईट?

लॅबवाली
बाळबोध अजिबात नाही, सगळी गोम इथेच आहे. ते कुठे आहे आणि किती लांब आहे यावर सगळं.

लांब साखळी, म्हणजे दहा लाख डाल्टनच्या वरची, भिंतीवर असली की पेशी शांत असते. तीच तुटून तिचे तुकडे झाले की तेच तुकडे धोक्याची खूण ठरतात : दाह वाढतो, नव्या वाहिन्या फुटायला लागतात. १९८५ साली मँचेस्टरच्या गटाने दाखवलं होतं की हायल्युरोननचे छोटे तुकडे नव्या रक्तवाहिन्या वाढवतात, आणि लांब साखळीने तसं होत नाही. जखम भरताना हे हवंच असतं, कर्करोगाच्या गाठीत नको असतं.

७० किलोच्या माणसात सगळं मिळून १५ ग्रॅमच्या आसपास हायल्युरोनन असतं आणि त्यातलं एक तृतीयांश रोज मोडून नवं बनतं. रक्तात आलेलं काही मिनिटांत साफ होतं, मुख्यतः यकृतातल्या एंडोथेलियम पेशी ते ओढून घेतात. त्यामुळे यकृत कडक झालं तरी रक्तात हायल्युरोनन वाढतं, कारण उचलणारं कोणी नाही. यकृताचा फायब्रोसिस ओळखायच्या एका तपासणीत ते मोजतातच.

नेकेड मोल रॅट नावाचा आफ्रिकेतला बिनकेसाचा उंदीर आहे. त्याचं हायल्युरोनन आपल्यापेक्षा कितीतरी लांब साखळीचं, आणि त्याला कर्करोग क्वचित होतो. २०१३ साली यावर शोधनिबंध आला. पुढे त्याचा एचएएस-२ जीन साध्या उंदरात घातला तर ते उंदीर थोडे जास्त जगले. थोडेच.

भरीतप्रेमी
फोटो शोधला. इतकं कुरूप होऊन जास्त जगायचं असेल तर मी माझं वांग्याचं भरीत खाऊन वेळेवर जातो.

अमळनेरी_आप्पा
ताई, हे सगळं ठीक, पण आमची आजी पायाचं सूप द्यायची. त्यात हेच असणार ना? पूर्वीच्या लोकांना कुठे एचएएस माहीत होतं.

लॅबवाली
आप्पा, असतं थोडंफार. कोंबड्याच्या तुऱ्यात तर इतकं असतं की औषधासाठी वर्षानुवर्षं तिथूनच काढायचे. तुमच्या गुडघ्यातलं कदाचित त्यातलंच होतं. आता बहुतेक ठिकाणी जिवाणूंकडून बनवून घेतात, म्हणून बाटलीवर "शाकाहारी" लिहिता येतं. सूप गरम असताना प्या, छान लागतं. अस्तराच्या नावाखाली पिऊ नका.

चोपड्याची_मिरची
माझ्या आतेबहिणीने लग्नाआधी ओठांत हेच भरून घेतलं होतं. पार्लरच्या बाईकडून. एका बाजूचा ओठ पांढरा पडून काळानिळा व्हायला लागला तेव्हा पळापळ. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी काहीतरी टोचलं आणि उतरलं.

डॉ_सातपुडा
टोचलं ते हायल्युरोनिडेज असणार. फिलरचा जेल चुकून वाहिनीत गेला की रक्तपुरवठा थांबतो, तो विरघळवायला हेच वापरतात आणि वेळेवर दिलं तर भाग वाचतो. नाकाजवळ झालं तर दृष्टी जाऊ शकते. डॉक्टर नसलेल्या कोणाकडूनही हे करून घेऊ नये.

विषयाला धरून बघा : हायल्युरोनन रक्तवाहिनीच्या आत बाहेरून गेलं, पण त्याचं अस्तर झालं नाही. वाट बंद झाली.

तापीकाठ
मंडळी, धागा कुठल्या कुठे गेला पण एकही प्रतिसाद वाया नाही. आता माझा दुसरा प्रश्न. कॅप्सूल घेऊ का नको?

लॅबवाली
नको.

कारण असं. दहा लाख डाल्टनचा रेणू आतड्यातून अख्खा रक्तात जात नाही. आतड्यातले जिवाणू त्याचे तुकडे करतात, त्यातले काही शोषले जातात, बरंच बाहेर पडतं. शोषलेले तुकडे भिंतीवर जाऊन बसत नाहीत, कारण भिंतीवरची साखळी ही त्या त्या पेशीने जागच्या जागी विणलेली असते. गुडघा किंवा त्वचेसाठी तोंडाने देऊन काही छोटे अभ्यास झालेत, फरक वाटला म्हणतात. तो वेगळा दावा. "नसांचं अस्तर घडवतं" हा दावा त्यातून निघत नाही.

आणि खरी गंमत ही की मधुमेह्याकडे कच्च्या मालाची टंचाईच नाही. हायल्युरोनन ज्या दोन साखरांनी बनतं त्या पेशी ग्लुकोजपासूनच बनवते. ग्लुकोज तर वाहून चाललंय! तरी भिंतीवरचा लेप कमी होतो, कारण तो तुटतोय : टाइप १ च्या रुग्णांत रक्तातलं हायल्युरोनिडेजही वाढलेलं सापडलं होतं. मधुमेही उंदरांत हे एन्झाइम (हायल-१) नसेल तर लेप टिकतो, असंही २०१६ मध्ये दिसलं. तेव्हा माल आणखी टाकून उपयोग नाही, तोडणं थांबवायला हवं. उलट बाजूने बघायचं तर ४-मेथिलअंबेलिफेरोन या रसायनाने उंदरांत हायल्युरोनन बनणंच बंद केलं, तेव्हा लेप बिघडला आणि धमन्यांतला चरबीचा थर वाढला. २०१० चं काम आहे.

शंकासूर
या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. तारीख लिहून ठेवा, असं परत होणार नाही.

फक्त एक. मग पेशीकडून ते जास्त विणून घ्यायचा काही मार्ग?

लॅबवाली
आहे, आणि तो फुकट आहे. पेशीवरून रक्त एका दिशेने, सरळ, जोराने वाहिलं की केएलएफ-२ नावाचा स्विच चालू होतो, पेशी स्वतः ग्लुकोज जाळणं कमी करते आणि वाचलेली साखर हायल्युरोनन विणायला जाते. पेशींवरच्या प्रयोगांत हे छान दिसतं. जिथे धमनीला फाटा फुटतो आणि रक्त भोवऱ्यात फिरतं, तिथे लेप पातळ असतो. चरबीचे थर नेमके तिथेच साचतात. माणसाने चालल्यावर एवढंच होतं असं मी म्हणणार नाही, पण चालल्याने रक्ताचा जोर वाढतो हे नक्की.

पांझरा
चाला म्हणणं सोपं आहे ताई. मे महिन्यात भुसावळला सकाळी नऊ वाजता चालून दाखवा.

धुळेकरीण
पहाटे पाचला निघायचं, साडेसहाला घरात. आम्ही बायका एरंडोल रोडला जायचो, आता इथे देवपूरला जातो. गप्पांत कळत नाही किती चाललो. नवरे सोबत नकोत, ते मध्येच चहाला बसतात.

डॉ_सातपुडा
तापीकाठ, वडिलांसाठी नेमकं सांगतो, मग तुमच्या डॉक्टरांशी बोला.

एका तपासणीवर शिक्का मारू नका. ताप, लघवीचा संसर्ग, आदल्या दिवशी झालेली जास्त दगदग, यानेही अल्ब्युमिन वर जातं. सकाळच्या पहिल्या लघवीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर बघायचं, तीन ते सहा महिन्यांत पुन्हा, आणि तीनपैकी दोनदा ३० च्या वर आलं तर ते खरं धरायचं. ३० ते ३०० मध्ये असेल तर परत खाली आणायला वाव असतो. बीपीच्या गोळ्यांत एसीई इनहिबिटर किंवा एआरबी गटातली एक असते, ती बीपीसोबत किडनीसाठीही असते, "बीपी नॉर्मल आहे" म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका. मधुमेहाची एसजीएलटी-२ गटातली गोळी चालेल का हे विचारा. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या बंद. तंबाखू असेल तर तीही.

कॅप्सूलच्या पैशांत वर्षभराच्या तपासण्या होतील.

तापीकाठ
तंबाखू आहे. तिथेच भांडण होणार. बाकी सगळं लिहून घेतलं. मेव्हण्याला धागा पाठवलाय, त्याने "लांब आहे, नंतर वाचतो" म्हटलं.

रावेरचा_केळीवाला
डॉक्टर, जाता जाता. साखरवाल्याने केळी खायची का नाही? कोणी "बंद" म्हणालं तर आमच्या तालुक्यात फिरायचं नाही.

डॉ_सातपुडा
जीवाला भिऊन नाही, खरंच सांगतो : लहान केळं, फार पिकून काळं न पडलेलं, जेवणानंतर नव्हे तर मधल्या वेळी, आणि त्या दिवशी दुसरं फळ नाही. किडनी पुढे गेली असेल आणि पोटॅशियम वाढत असेल तर मात्र बंद. तापीकाठ, वडिलांचं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम किती आलंय?

तापीकाठ
क्रिएटिनिन १.१. पोटॅशियम केलेलं नाही, उद्याच्या यादीत घातलं.